वावराच्या गावात जुनी मर्सिडीज जीएलएस: घ्यावी का, कशी पाहावी, किती पडते

राजेहो, सरळ मुद्द्याचं सांगतो. ३० ते ४० लाखाचं बजेट असेल, सात माणसं खरोखर बसतील अशी मोठी गाडी पाहिजे असेल आणि गाव नागपूरपासून दीडशे-दोनशे किलोमीटर लांब असेल, तर चांगल्या हिस्ट्रीची (म्हणजे सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड असलेली) जुनी जीएलएस ३५०डी डोळे लावून शोधा. हिस्ट्री नसेल तर कोणी फुकट दिली तरी घरी आणू नका.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या अंगाला राहतो. कापूस, सोयाबीन, तूर, जोडीला मोठ्या भावाचं कृषी केंद्र, आणि घर एकत्र. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला दाखवायला नागपूरला न्यावं लागते, आणि आधीची आमची गाडी लॅडर-फ्रेमची (ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली) होती, मजबूत होती, वावरात कुठंही घाला जात होती, पण मागच्या सीटवर बसून आई नागपूरहून आली की दुसऱ्या दिवशी उठत नव्हती. बाबा म्हणाले, पैसे जमिनीत घालतोच आहे आपण दरवर्षी, एकदा हिच्या पाठीसाठी घाल. तेव्हापासून शोध सुरू केला.

नवी का नाही घेतली असं लय जणांनी विचारलं म्हणून हिशोब सांगतो. जीएलएसचं नवं मॉडेल जानेवारी २०२४ ला आलं तेच १ कोटी ३२ लाखापासून, तेही एक्स-शोरूम. त्याच्यावर महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, म्हणजे नुसता टॅक्सच जवळपास २० लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी सेस धरून ५० टक्क्याच्या घरात होता तो सरसकट ४० झाला, नव्या गाड्या उतरल्या हे खरं आहे, पण उतरूनही ती आपल्या कामाची झाली नाही. मात्र याचा जुनी गाडी घेणाऱ्याला फायदा आहे बरं का: नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावही खाली यायला पाहिजे, आणि काही डीलर अजून आधीच्याच भावाच्या हिशोबानं बोलतात. तिथं अडून बसा, भाव तुटते.

आता गाड्या कोणत्या पाहिल्या. लँड क्रूझर पहिल्यांदा मनात होती, साडेचार लिटरचं व्ही८ डिझेल असलेली जुनी २०० सीरिज. आमच्याकडच्या रस्त्याला तिच्यापेक्षा भारी काही नाही, पण बाजारात मोजक्याच आहेत आणि जो विकते तो सोन्याचा भाव सांगते. नवी ३०० सीरिज २०२३ मध्ये २ कोटीच्या वर किमतीला आली होती, तिचा विषयच नाही. ऑडी क्यू७ चालवायला मस्त, पण एक लक्षात घ्या, ऑडीनं भारतात एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं, तेव्हा डिझेल क्यू७ पाहिजे तर ती त्याच्या आधीचीच मिळणार. आणि तिसऱ्या रांगेत पोट्टेच बसतात, मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. बीएमडब्ल्यू एक्स७ आपल्याकडं जुलै २०१९ मध्ये आली, जागा भरपूर, गाडी देखणी, पण बजेटच्या पार पुढं. फॉर्च्युनरवाल्यांनी राग मानू नये, आपल्या जिल्ह्यात तिच्याएवढी सोयीची गाडी नाही, मिस्त्री कुठंही मिळते, पुन्हा विकायला काढली तर दोन दिवसात जाते. पण आम्हाला पाहिजे होती मागच्या सीटवरची राइड, आणि तिथं तिचा नि जीएलएसचा मुकाबला नाही.

जीएलएस ३५०डी म्हणजे २०१६ ला भारतात आली ती, आधी हिलाच जीएल म्हणायचे. नवी होती तेव्हा ८० लाखाच्या पुढं किंमत होती, आपल्याच चाकणच्या कारखान्यात जोडलेली. तीन लिटरचं व्ही६ डिझेल, २५८ हॉर्सपॉवर, ६२० एनएम टॉर्क, ९ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद, आणि खाली एअर सस्पेन्शन. हे एअर सस्पेन्शनच तिचा जीव आहे आणि पैसे खाणारी वस्तूही तीच, त्याच्यावर खाली सविस्तर लिहितो.

शोधायला लागलो तर पहिला अनुभव पुण्याचा. चकाचक शोरूम, गाडी इतकी पॉलिश केलेली की तोंड दिसत होतं, मीटरवर ६० हजाराच्या आत किलोमीटर. मी म्हटलं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पूर्ण रेकॉर्ड दाखवा. तो म्हणे साहेब सर्व्हिस बाहेर झाली, कागद मागच्या मालकाकडं आहेत. मग मी आरसीवरचा चेसिस नंबर घेतला, मागच्या मालकाचा फोन लावायला लावला, त्यांनी परवानगी दिली आणि रेकॉर्ड निघाला, तर त्याच गाडीची दोन वर्षाआधीची एंट्री लाखाच्या वरची! डीलरला दाखवलं तर म्हणे टायपिंग मिस्टेक असेल. त्याचं नाव लिहीत नाही, पण सगळ्यांनी एक करा, गाडी आवडण्याच्या आधी रेकॉर्ड मागा. गाडीत बसलं, स्टिअरिंगला हात लावला की माणसाचं मन फिरते, मग कागद पाहायला डोळे राहत नाहीत.

दिल्लीच्या गाड्यांचंही सांगतो कारण आपल्याकडचे बरेच जण तिकडं जातात. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षाच्या वरच्या डिझेल गाडीला चालायला बंदी आली ती एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशानं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं, २०२५ मध्ये मात्र कोर्टानं कारवाईत सवलत दिली; त्या बंदीमुळं तिथं आठ-नऊ वर्षाच्या मोठ्या डिझेल गाड्यांचा भाव पडत आला. स्वस्त दिसते पण पूर्ण हिशोब करा: तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इकडं एमएच-२९ चा, म्हणजे यवतमाळचा, नंबर घ्यायला पुन्हा महाराष्ट्राचा टॅक्स, वर गाडी आणायचा खर्च आणि आरटीओच्या चकरा. हे सगळं धरून भाव आपल्याकडच्या गाडीपेक्षा चांगलाच कमी येत असेल तरच जा. आम्ही बेरीज केली तर फरक फार उरत नव्हता, आणि गाडी पाहायला आपला माणूस तिथं नाही, म्हणून सोडून दिलं.

नागपूरची गाडी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं, पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाह्यलं आहे. त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात आल्या नसतील असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहा, खालच्या टोकाला पाण्याची रेघ किंवा गाळ दिसते का. डिक्कीतलं स्टेपनीचं झाकण उघडा, कार्पेटचा कोपरा उचला, वास घ्या. आणि विम्याचा क्लेम रेकॉर्ड मागा. मोठ्या गाडीत सीटखाली, कार्पेटखाली इतके इलेक्ट्रॉनिक डबे असतात की एकदा पाणी गेलं की वर्षभरानंसुद्धा एकेक दिवा लागायला लागते.

शेवटी गाडी मिळाली ती नागपूरच्याच एका डॉक्टरांकडची, एकच मालक, सगळी सर्व्हिस कंपनीत, प्रत्येक बिल फाइलमध्ये लावलेलं. मालकाकडून सरळ घेतली म्हणून मधला डीलर नाही, त्याचं मार्जिन नाही आणि त्या मार्जिनवरचा १८ टक्के जीएसटीही नाही. भाव मात्र डॉक्टर साहेबांनी पाहणीच्या आधी फारसा सोडला नाही आणि मी जास्त ताणलंही नाही, कारण अशी फाइल पुन्हा मिळत नाही.

आता पाहणीचं. आमच्या ओळखीचा अमरावतीचा मिस्त्री आहे, मोठ्या गाड्यांचंच काम करते, त्याला सोबत नेलं. त्यानं पहिलीच अट घातली, "भाऊ, गाडी आज पायत नाही मी. रातभर उभी राहू द्या, सकाळी कोणी चालू करू नका, मंग येतो." डॉक्टर साहेब तयार झाले. सकाळी गेलो तर त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवून पाह्यला थंड आहे का, मग टेप काढून चारही चाकाच्या मधोमधपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेची रबरी पिशवी असते, ती गळत असेल तर रात्रभरात तो कोपरा खाली बसते, आणि गाडी चालू केली की कंप्रेसर हवा भरून पुन्हा वर उचलते, म्हणून तयार उभ्या गाडीत काहीच कळत नाही. आमच्या गाडीचे चारही कोपरे बरोबर होते. मग लिफ्टवर चढवली, त्यानं साबणाचं पाणी बाटलीत भरून पिशवीच्या घड्यांवर मारलं, टॉर्च धरून एकेक घडी पाह्यली, बुडबुडा येते का. मागच्या डाव्या पिशवीच्या घडीत बारीक भेगा होत्या, गळत नव्हती पण वय दिसत होतं. तो म्हणाला, "हे एखांद वर्ष काढन, पण पैसे आत्ताच बाजूले ठेवा." ओरिजिनल पार्ट लावायचा तर एका कोपऱ्याचा खर्च त्यानं लाखाच्या घरात सांगितला. तेवढे मग आम्ही भावात कमी करून घेतले, फोटो दाखवून, आणि डॉक्टर साहेबांनीही खळखळ न करता मानलं.

का सांगतो एवढं? कारण पिशवी वेळेवर बदलली नाही तर कंप्रेसर सारखा पळत राहते आणि तोही जळते, मग एका खर्चाचे दोन होतात. गाडीची किंमत अर्ध्याच्या खाली आली तरी पार्टची किंमत कमी झालेली नाही, ती ८० लाखाच्या गाडीचीच आहे. ३५ ला गाडी घ्यायची आणि खात्यात काही ठेवायचं नाही, असं करू नका. माझ्या मतानं गाडीच्या किमतीच्या दहा टक्के तरी पहिल्या दोन वर्षासाठी वेगळे पाहिजेत, विमा नि डिझेल सोडून.

टायरही नीट पाहा. बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसो, पाच-सहा वर्ष झाले की आपल्या उन्हात त्या टायरवर समृद्धीला जाऊ नका. गाडी अडीच टनाच्या आसपास, मे महिन्यात ४५ डिग्री, सिमेंटचा रस्ता तापलेला, त्याच्यावर ताशी १२० नं पळायचं म्हणजे टायर नवाच पाहिजे आणि हवा सकाळी थंड टायरमध्येच भरलेली पाहिजे. आम्ही घेतल्याबरोबर चारही बदलले. २७५ रुंदीचे टायर आहेत, तालुक्याला मिळत नाहीत, मागवावे लागले.

कागदाचं थोडक्यात: गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, सरकारच्या 'वाहन' साइटवर चलान नि ब्लॅकलिस्ट पाहणं. विमा १४ दिवसाच्या आत आपल्या नावावर करायला टाका, आणि मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत आपल्याकडं येत नाही, तो त्याचाच राहते, त्यामुळं प्रीमियम त्याच्या पावतीवर पाहून धरू नका. इंजिनमध्ये पाणी जाण्याचं कव्हर वेगळं घ्यायचं, आमच्या रस्त्यात दोन नाले आहेत ज्यांच्यावरून पावसाळ्यात पाणी जाते.

आता वापरायला कशी. आई दुसऱ्या रांगेत बसते, मागं रेलून, आणि यवतमाळच्या पुढं गेलो की झोपते. हे पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा समोरच्या सीटवरून वळून वळून तिच्याकडं पाहत होते. खड्डा येते, कळते की आला, पण पाठीपर्यंत पोहोचत नाही. तिसऱ्या रांगेत माझा पावणेसहा फुटाचा पुतण्या नागपूरपर्यंत बसला आणि तक्रार नाही, तिथंही एसीची हवा येते. तिसरी रांग बटणानं खाली जाते आणि मग ६८० लिटरची डिक्की, लग्नाचा आहेर, आंदणाची भांडी, सगळं बसते. सातही जण बसले की मात्र मागं चार बॅगाच्या वर काही राहत नाही, हे ध्यानात ठेवा.

रात्रीच्या रस्त्यावर हिचा खरा उपयोग कळला. कापसाच्या दिवसात दारव्हा-यवतमाळ रोडवर ट्रॉल्या निघतात, गंजी वर पाल बांधलेलं, मागं लाइट नाही, रेडियम नाही, आणि समोरून अप्पर लाइट मारत कोणी येत असते. हिचे लाइट लांबवर पडतात आणि ब्रेक असे आहेत की एवढी वजनी गाडी सरळ रेषेत थांबते, कोणी पुढं आपटत नाही. हे मी डिसेंबरात स्वतः अनुभवलं, ट्रॉली अगदी समोर आल्यावर दिसली होती, घरचे सगळे गाडीत होते. त्या एका गोष्टीसाठी मी या गाडीला पूर्ण मार्क देतो.

कारंज्याहून समृद्धीला लागलं की गाडी बटणाशिवाय स्वतःच थोडी खाली बसते, वेग वाढला की तसंच करते ती, आणि १२० ला आत बसणाऱ्याला ८० वाटते. अॅव्हरेज गावा-तालुक्यात ८ च्या आसपास, समृद्धीवर बेतानं चालवली तर ११ पर्यंत जाते. टाकी १०० लिटरची, एकदा भरली की नागपूर जाऊन येऊन उरते.

वावरात? पांदणीनं उन्हाळ्यात, तूर काढायच्या वेळी, आरामात जाते, बटण दाबून उंची वाढवायची. पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नका, चार चाकाला ताकद असली तरी रस्त्याचे टायर आहेत, गारा, म्हणजे चिखल, त्यांच्या नक्षीत बसला की टायर गुळगुळीत होतो आणि एवढं वजन सरकायला लागलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आणि तो गारा चाकाच्या वरच्या पोकळीत वाळला की विटेसारखा होतो, एअर सस्पेन्शनच्या पिशवीला घासते. धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, आधी पाण्यानं भिजू दे, मग कमी प्रेशरनं काढ, पिशवीवर सरळ फवारा मारू नको.

आमच्याकडच्या आणखी दोन गोष्टी ज्या पुण्या-मुंबईचा कोणी सांगणार नाही. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर रुई उडते आणि समोरच्या जाळीतून जाऊन एसीच्या कंडेन्सरवर थर बसतो, मग मार्चमध्ये एसी कमी पडला की लोक गॅस भरायला धावतात. आधी जाळी साफ करा, दिवाळीनंतर एकदा नि होळीच्या आधी एकदा. दुसरं म्हणजे उंदीर. सोयाबीन घरी आलं की उंदीर येतात आणि उबदार इंजिनखाली बसून वायर कुरतडतात, आणि या गाडीचं वायरिंग म्हणजे गावच्या इलेक्ट्रिशियनचं काम नाही. गाडी धान्याच्या कोठीपासून लांब लावा, खालून जाळी बसवून घ्या, दोन-चार दिवस उभी राहिली तर बॉनेट उघडून पाहा. बीएस-६ ची नवी गाडी घेणाऱ्यांनी हेही पाहावं की तिच्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असते, रोज घर ते दुकान दोन किलोमीटर चालवली तर ते चोक होते, आठवड्यातून एकदा तरी हायवेला लांब पळवावी लागते, आणि अॅडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं पाणी) संपू द्यायचं नाही.

वाईट काय? सर्व्हिस नागपूरलाच, त्या दिवसाचं दुसरं काम होत नाही. लांबी पाच मीटरच्या वर, दारव्ह्याच्या बाजारात कोणत्याच दिवशी वळवता येत नाही, घराचं गेट आम्हाला तोडून मोठं करावं लागलं. गावात रोडवर उभी केली की दोन्हीकडून बंडी (बैलगाडी) अडते, म्हणून आता कृषी केंद्राच्या मागच्या जागेतच लावतो. रात्री-बेरात्री बंद पडली तर फ्लॅटबेडच बोलवावी लागते, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची ही गाडी नाही, ऑटोमॅटिक आणि चारही चाकं जोडलेली आहेत, ओढली तर गिअरबॉक्सच जाते. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, ड्रायव्हरला तर नक्कीच, कारण आपल्याकडं मदतीला येणारा पहिला माणूस दोर घेऊनच येते. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आम्ही डॅशबोर्डच्या खणात मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे आणि विम्यात ते कव्हर आहे का, किती किलोमीटरपर्यंत नेतील, हे पॉलिसी घेतानाच विचारून घेतलं. काही पॉलिसीत ओढून न्यायचं अंतर इतकं कमी असते की यवतमाळपर्यंतही गाडी पोहोचणार नाही, नागपूर तर लांबच.

कोणाला या बाजूला जीएलएस किंवा क्यू७ पाहायची असेल तर टेप, टॉर्च आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन सकाळी सातच्या आत पोहोचा, मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की चावी लावू नका. नाही म्हणाला तर तिकडं जाऊच नका.